इहीनबाईचा मोगरा

राठीनगर, अमरावती
९ फेब्रुवारी २०२५

सौ. सुंदराबाई विहीणबाईंना,
सप्रेम जयभीम वि. वि.

लग्नाला आज तीन आठवडे झाले. पाहुणे गेले, मांडववाला त्याच्या खुर्च्या घेऊन गेला आणि घर आता खायला उठतंय. प्रणालीचे बाबा दिवसातून चार वेळा तिच्या रिकाम्या खोलीतला पंखा लावतात आणि बंद करतात. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणे जाम होऊ नये म्हणून. नावं तरी कशी ठेवू, मीही तिची गादी दोनदा उन्हात घातली आहे.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. चौतीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेताना जे काय ओरडायचं ते ओरडून झालं. तेव्हा लग्नात ठरलं तसं आपण दोघी पत्रानंच बोलू. मी मोठ्या अक्षरात लिहीन.

आता मोगरा. पाठवणीच्या वेळी सगळ्यांदेखत मी ती कुंडी तुमच्या हातात दिली आणि म्हणाले, की ही पोरगी आणि हे झाड, दोन्ही आता तुमच्या हवाली. लोक हसले, पण मी गंमत करत नव्हते. आमच्या दारातला मूळ मोगरा माझ्या सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी लावलेला. तेव्हा प्रणालीचे बाबा रांगत होते म्हणे. त्याचीच एक फांदी वाकवून मी मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या कुंडीच्या मातीत दाबून ठेवली, मुळं फुटली तशी कापून वेगळी केली. तुमच्याकडे आहे ते हे. त्याला ऊन हवं, निदान पाच तास. शेणखत मूठभर, बचकभर नव्हे. जुनी पानं काढून टाका, कळी नव्या फुटीवर येते.

अंगणात आणखी काय लावू असं तुम्ही विचारलं होतं. पश्चिमेच्या भिंतीला गुलाब लावायचं डोक्यातून काढा, मे महिन्यात भाजून निघेल. तिथे कण्हेर लावा, बोगनवेल लावा, पायाशी सदाफुली. नर्सरीत गेलात तर फुलाला भुलू नका. झाडाचा बुडखा बघा, जाड आणि घट्ट असला तरच घ्या.

व्याही पुंजाजींना जयभीम. जावयांना आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू द्या आणि झाडाची खबर कळवत जा.

आपली,
गोदाबाई


डाबकी रोड, अकोला
२३ मार्च २०२५

सौ. गोदाबाई इहीनबाईले,
मनापासून जयभीम वि. वि.

तुमचं पत्र पयले म्या वाचलं, मंग श्यामच्या बाबाले वाचून दाखवलं, मंग शेजारनीले दाखवलं का पाह्य आमच्या इहीनबाईचं अक्षर, मास्तरीनबाईचं हाय. माह्या अक्षराले हासू नका. सातवीनंतर पेन हाती धरला थो आंगनवाडीच्या हजेरीपुरता.

तुमी सांगतलं तशी कन्हेर लावली, बोगनवेल लावली. गुलाबाचं मनात लय होतं, पन तुमचा शब्द. श्याम म्हने, आई तू माह्या बाबाचं कई आयकलं नाही अन् इहीनबाईचं कसं आयकते. म्या म्हनलं, त्याहीचं अक्षर चांगलं हाय.

पोरगी मजेत हाय. दवाखान्यात रातची डूटी असली का सकाळी येते, दोन घास खाते अन् दिवसभर झोपते. तिच्यासाठी श्यामनं एसी बसवला. काहून पाह्यजे एसी? आमचा सारा जलम कूलरमंदी गेला. पन माहं कोन आयकते! त्या एसीच्या पायपातून घराच्या मांगं दिवसभर टपटप पानी गळते, तठी निरा चिखल झाला. म्या तिकडे जानंच सोडलं.

फेब्रुवारी सरला तसा आमी बाकीच्याहीनं कूलर काढला. आमचा नळ पाचव्या दिवशी येते, थोही अर्धा घंटा. बाकी सारं बोरच्या पान्यावर. त्या पान्यानं दाळ शिजत नाही अन् साबनाले फेस येत नाही, म्हनून खायप्यायले फिल्टरची कॅन आनतो. बोरचं पानी कूलरमंदी. पन मी एक थेंब वाया जाऊ देत नाही बरं. रोज सकाळी कूलरच्या टाकीत उरलेलं पानी काढते अन् झाडायले टाकते. पयला मान तुमच्या मोगऱ्याचा.

एकच इचारायचं होतं. पंधरा दिवस झाले, मोगऱ्याच्या पानाच्या कडा तांबड्या होऊन राह्यल्या, करपलेल्या पोळीच्या काठावानी. काय करू? तुमी सांगसान तसं करीन.

प्रणालीच्या बाबाले, आमच्या भाऊले, जयभीम. लोभ कमी करू नका.

तुमची,
सुंदराबाई


राठीनगर, अमरावती
३० मार्च २०२५

सौ. विहीणबाईंना,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र वाचताना प्रणालीचे बाबा इतके हसले की चहा सांडला. एसीवरचा राग त्यांना फार आवडला. ते स्वतःही आमच्या घरातल्या मिक्सरशी असंच वाकडं धरून आहेत. कूलरचं पाणी झाडांना घालायची तुमची युक्ती मी कॉलनीतल्या चौघींना सांगितली. अशी काटकसरीनं राहणारी विहीण मिळाली म्हणून जरा मिरवलेसुद्धा.

पानांच्या कडांचं मला पत्र वाचता वाचताच कळलं. उन्हाची झळ आहे, दुसरं काही नाही. झाडाला पाणी कमी पडतंय. एकदा घालता ते दोन वेळा घाला, सकाळ-संध्याकाळ, आणि कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतकं घाला. हात आखडता घेऊ नका. चाळीस वर्षं मोगरा सांभाळतेय, डोळे झाकून सांगते.

आणि ऐका, १२ मे रोजी बुद्ध पौर्णिमेला आम्ही दोघं सकाळच्या बसनं अकोल्याला येतोय. आमच्या घरी पौर्णिमेच्या वंदनेला दरवर्षी दारातल्या मोगऱ्याचीच पांढरी फुलं असतात. यंदा तुमच्या अंगणातली घेऊ. झाड बघीन, पोरगी बघीन आणि तुमच्या हातची खीर खाईन. पाहुणचार फार करू नका, पण अगदी कमीही करू नका, मी मुलीची आई आहे!

लोभ वाढता ठेवावा. पाणीही वाढवा.

आपली,
गोदाबाई


डाबकी रोड, अकोला
२० एप्रिल २०२५

सौ. इहीनबाईले,
मनापासून जयभीम वि. वि.

तुमी येऊन राह्यल्या म्हनून घरात लय आनंद हाय. श्यामच्या बाबानं फाटकाले रंग देला. सोबत स्वतःच्या पायजम्यालेही देला.

मोगरा एकदम मस्त हाय. काहीच काळजी करू नका. तुमी सांगतलं तसं दोन टाइम पानी टाकलं अन् थो असा फोफावला का इचारू नका. तीन हप्त्यात हातभर वर गेला. पानं हिरवीगार हाय, कडा तांबड्या होत्या त्या आता नाही. जुनी कुंडी तडकली होती म्हनून नवी आनली, म्हनून थोडा येगळा दिसन, पन थोच हाय. तुमाले ओळखू येईन न येईन म्हनून आधी सांगून ठेवते.

उन लय तापून राह्यलं. डोये दुखून राह्यले म्हनून पत्र आटोपते. लोभ असावा, नक्की असावा.

तुमची,
सुंदराबाई


अकोला
२४ एप्रिल २०२५

ती. आईस,
जयभीम.

फोन केला असता, पण बाबा स्पीकर लावतात आणि मग अख्ख्या राठीनगरला कळतं. व्हॉट्सॲपही तुझ्या आधी तेच उघडतात. म्हणून हे पत्र, पाकिटावर फक्त तुझं नाव घालून.

आई, तुझा मोगरा गेला. लगेच चिडू नकोस, आधी पूर्ण वाच.

सासूबाईंनी काही कसूर केली नाही. तू सांगितलंस तसं सकाळ-संध्याकाळ कूलरचं पाणी घालत होत्या. जितकं घातलं तितकं झाड वाळत गेलं. दहा तारखेला शेवटचं पान गळलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, मला म्हणाल्या पित्त झालंय. भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी रात्रपाळी करून सकाळी येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी सासरे स्कूटरवर, दोन पायांत नर्सरीची नवीकोरी मोगऱ्याची कुंडी, आणि मागे सासूबाई, एका हातानं पदर त्या झाडावर धरून, कुणी बघू नये म्हणून. मी पानटपरीच्या आडोशाला थांबले. ते आत गेल्यावर दहा मिनिटांनी घरी आले आणि मोगरा एका रात्रीत केवढा फुटला म्हणून कौतुक केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. जुना बुडखा त्यांनी घरामागे टाकलाय, एसीच्या पाइपाखालच्या चिखलात.

त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून हळू बोलायचं ठरवलं तरी मोठ्यानंच बोलतात. सासऱ्यांना सांगत होत्या ते मला आतल्या खोलीत सगळं ऐकू आलं. म्हणत होत्या की इहीनबाईनं दोन गोष्टी हवाली केल्या होत्या, एक मी तीन महिन्यांत मारून टाकली, आता इहीनबाई पोरीच्या तोंडाकडे कशा पाहतील, अन् आपल्या तोंडाकडे कशा पाहतील. आणि मग आई, त्या रडल्या गं.

तू मला नेहमी विचारतेस ना, खरं सांग, कशी वागतात? ऐक मग. मी दिवसा झोपते तेव्हा कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून त्या दाळ पहाटेच लावून ठेवतात. भांडी हळूच विसळतात. त्यांना स्वतःला शिट्टी ऐकूच येत नाही, तरी.

तू ये. नवीन झाड बघ आणि छान आहे म्हण. एवढंच कर. आणि हे मी सांगितलं असं त्यांना कधीच कळू देऊ नकोस, वचन दे.

तुझी,
प्रणाली


डाबकी रोड, अकोला
२५ मे २०२५

सौ. इहीनबाईले,
जयभीम वि. वि.

हे पत्र म्या चारदा लिहून फाडलं. आता हे शेवटचं, जसं येईन तसं धाडते.

पौर्णिमेले तुमी आल्या, पांढरं पातळ नेसून, हासत हासत. त्या सकाळीच मोगऱ्याले सात फुलं लागली होती. तुमी थे खुडताना म्या बाजूले उभी होती. फुलं एकेरी होती. तुमच्या दारातला मोगरा चार पदरी येते हे मले थ्याच दिवशी कळलं, भाऊच्या तोंडून. भाऊ म्हनले का हा आपल्यावानी दिसत नाही. तवा तुमी त्याहीच्याकडे डोये वटारून पाह्यलं अन् म्हनल्या का पयल्या वर्षी अस्साच येते. थेच फुलं तुमी मूर्तीपुढे ठेवले, हात जोडले. 

काल म्या श्यामले म्हनलं का मांगचा चिखल पाहू, पायपाले नळी जोड. लय दिवसानं मांगं गेली. पाहतो त काय, जो बुडखा म्या मेला म्हनून फेकला होता, थो सरळ उभा. भोवती इटकराच्या तुकड्यायचं गोल आळं केलेलं, पायपाचं पानी बराबर आळ्यात पडन असं. अन् बुडख्याले तीन हिरवे कोंब!

श्यामले इचारलं, तू केलं का? नाही म्हने. श्यामच्या बाबाले त आळं कायले म्हंतेत हेच माहीत नाही. प्रणालीनं मान खाली घातली, तिले हासू येऊन राह्यलं होतं. मंग मले आठवलं. जेवल्यावर तुमी हात धुवाले मांगं गेल्या होत्या अन् लय वेळ आल्याच नाही. आल्या तवा पदराले चिखल होता. घसरल्या का म्हनून म्या इचारलं, त तुमी हो म्हनल्या.

म्हंजे तुमाले सारं माहीत होतं. माहीत असून तुमी थे नर्सरीचे फुलं वाह्यले, माह्या घरात माह्या सुनेपुढं माही लाज राखली. इहीनबाई, झाड म्या मारलं. खोटं म्या बोलली. पत्रात लिहून खोटं बोलली, तुमी मोठ्या अक्षरात मले खरं लिहून राह्यल्या अन् मी असं. तुमी भांडल्या असत्या त बरं झालं असतं. माफ करा कोन्या तोंडानं म्हनू?

लोभ मांगायचा हक्क नाही. तरी मांगते.

सुंदराबाई


राठीनगर, अमरावती
१ जून २०२५

सौ. सुंदराबाई विहीणबाईंना,
सप्रेम जयभीम वि. वि.

आधी डोळे पुसा आणि चष्मा लावून नीट वाचा. झाड तुम्ही नाही मारलं. मी मारलं.

तुमच्या मागच्या नळावर हात धुताना साबणाला फेस येईना. पाणी जिभेवर घेऊन पाहिलं, तर खारट. मग कूलर पाहिला, खसीच्या गवतावर बोटभर पांढरा थर. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बोरचं पाणी आधीच खारं, त्यातलं पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि मीठ टाकीत राहतं. सकाळी तुम्ही झाडाला घालत होता ते आणखी खारं. आणि तेच पाणी दोन वेळा घाला, भोकातून वाहून जाईल इतकं घाला, असं तुम्हाला कुणी लिहिलं? चाळीस वर्षं मोगरा सांभाळणाऱ्या गोदाबाईंनी, डोळे झाकून! तुमच्या पत्रात सगळं होतं: दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या आणि विहिणीचं पत्र मला वाचता आलं नाही. आमच्याकडे गोडं पाणी येतं, म्हणून सगळीकडे तसंच येतं असं मी धरून चालले. कॉलनीतल्या चौघींना मी दारोदार जाऊन सांगून आले, की आधी पाणी चाखा, मगच कूलरची युक्ती करा.

ज्या एसीला तुम्ही नावं ठेवता त्याचं पाणी मात्र हवेतलं असतं, त्यात मीठ नसतं. बुडखा तिथे पडला म्हणून जगला; मी नखानं खरवडून पाहिलं तर आतून हिरवा, म्हणून उभा करून आळं केलं. आता एसीलाही एकदा जयभीम घाला. त्याच्या पाइपाखाली बालदी ठेवा, ते पाणी मोगऱ्याला. बोरचं पाणी फक्त कण्हेर-बोगनवेलीला, त्यांना ते चालतं. जोराचा पाऊस झाला की मोगऱ्याच्या मातीतून तो दोनदा निथळून जाऊ द्या, मीठ धुऊन निघेल.

आता दुसरी गोष्ट. त्यासाठी मी एक वचन मोडतेय. मला आधीपासून माहीत होतं, कारण प्रणालीनं मला पत्र लिहिलं होतं. स्कूटरवरून नवी कुंडी आणताना तिनं तुम्हा दोघांना पाहिलं होतं. तुमची तक्रार करायला नव्हतं लिहिलं. मी येऊन झाड छान आहे म्हणावं, सासूबाईंना कळू देऊ नये, म्हणून लिहिलं होतं. तुम्ही कुकर पहाटे लावता हेही त्यात होतं.

विहीणबाई, ते पत्र वाचून मी स्वयंपाकघरात रडत बसले. प्रणालीचे बाबा विचारायला आले तर म्हटलं कांदा आहे. समोर भोपळा होता. लग्नाला जेमतेम तीन महिने झाले आणि माझी पोरगी माझ्यापासून सासूची लाज राखायला बघतेय! पाठवणीपासून मला एकच काळजी होती, ती तिथे रुजते की नाही. पौर्णिमेला मी झाड बघायला आलेच नव्हते. मी तिला बघत होते, ती तुमच्या ताटात दुसऱ्यांदा खीर वाढत होती आणि तुम्हाला कळत नव्हतं. माझ्या दोन गोष्टी तुमच्या हवाली होत्या, दोन्हींनी मूळ धरलंय. माफी बिफी पुन्हा लिहाल तर पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवीन.

लोभ मागायचा नसतो, तो आहे. कोंब किती वाढले तेवढं कळवा.

आपली,
गोदाबाई


डाबकी रोड, अकोला
२० जुलै २०२५

सौ. गोदाबाई इहीनबाईले,
मनापासून जयभीम वि. वि.

तुमचं पत्र म्या यावेळी कोनालेच दाखवलं नाही. डब्यात ठेवलं, दाळीच्या.

तुमी वचन मोडलं हे म्या प्रणालीले कळू देलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कुकर लावताना म्या हासत होती, त ती म्हने आई काहून हासता. म्या म्हनलं, एसी चांगला हाय. ती पाहतच राह्यली. आता तिची झोप झाली का आमी दोघी बालटी घेऊन मांगं जातो. नर्सरीचा मोगरा काही फेकला नाही बरं, त्याचा काय गुन्हा? थोही बाजूले ठेवला, दोघायले एकाच बालटीतलं पानी.

बुडखा आता गुडघ्याइतका झाला. काल सकाळी त्याले दोन फुलं लागली. एक प्रणालीच्या केसात लावलं, ती डूटीवर घेऊन गेली. दुसरं या पाकिटात हाय. तुमच्या हाती पडेलोक वाळून जाईन, पन वास राहीन. त्याचे पदर मोजून पाहा अन् भाऊलेही दाखवा. चारच हाय, म्या तीनदा मोजले.

पानी आता चाखून, मोजून टाकते. लोभ मात्र तुमी मोजू नका. थो दोन टाइम टाका, भोकातून वाहून जाईन इतका.

तुमची,
सुंदराबाई